जुळाऱ्यांची संघटना : अमेरिकेतील 'इंटरनॅशनल टायपोग्राफिकल युनियन'

प्रस्तावना

मुद्रित भाषेचा विचार करताना आपण लेखक, संपादक आणि वाचक यांची दखल घेतो. मजकूर छापील पानापर्यंत नेणारा जुळारी मात्र नजरेआड राहतो. शिशाचे खिळे एकेक करून उचलणे, उलट दिसणाऱ्या ओळी सरळ वाचाव्यात तशा वाचणे आणि हस्तलिखितातील चुका हेरणे, हे त्याचे काम. साक्षरता हेच त्याचे हत्यार होते. अशा कामगारांची संघटना कशी उभी राहिली आणि का संपली, हे आपण एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

१. स्थापना आणि स्वरूप

१८५२ मध्ये सिनसिनाटी येथे निरनिराळ्या शहरांतील जुळाऱ्यांच्या संघटना एकत्र आल्या व 'नॅशनल टायपोग्राफिकल युनियन' स्थापन झाली. पुढे कॅनडातील शाखाही सामील झाल्यामुळे १८६९ मध्ये नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द आला. संपाच्या काळात मालक स्त्रियांना कमी वेतनावर कामास लावत. त्यांना बाहेर ठेवण्यापेक्षा आत घेणे हिताचे, हे युनियनला उमगले. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमधील स्त्री-जुळाऱ्यांच्या शाखेला मान्यता मिळाली आणि १८७० मध्ये त्यांच्या नेत्या ऑगस्टा लुईस युनियनच्या पत्रव्यवहार सचिव झाल्या.

प्रत्येक छापखान्यातील सभासदांच्या गटास 'चॅपेल', म्हणजे प्रार्थनागृह, म्हणत. ही संज्ञा इंग्लंडमधील छापखान्यांतून आलेली होती. युनियनच्या निवडणुका दोन पक्षांमध्ये लढवल्या जात. प्रत्येक संघटना अखेर मूठभरांच्या हाती जाते, असा सिद्धान्त रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये मांडला होता. लिप्सेट, ट्रो आणि कोलमन यांनी १९५६ मधील ग्रंथात या युनियनकडे त्या सिद्धान्ताचा अपवाद म्हणून पाहिले.

२. यंत्राशी पहिला सामना

१८८६ मध्ये 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'च्या छापखान्यात लायनोटाइप यंत्र सुरू झाले. कळा दाबताच अख्खी ओळ शिशात ओतली जाऊ लागली. हाताने जुळणी करणाऱ्यांची गरज संपणार, असे दिसत होते. युनियनने यंत्रास विरोध केला नाही. यंत्र चालवण्याचे काम मात्र आपल्या सभासदांकडेच राहावे, असा आग्रह धरला. तो बव्हंशी यशस्वी ठरला, कारण नव्या यंत्रालाही शब्द, विरामचिन्हे आणि ओळींची मांडणी जाणणारा माणूस लागत होता. साधन बदलले, पण कौशल्य कामगाराकडेच राहिले.

३. दुसरा सामना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती पालटली. बाहेरून तयार होऊन आलेली जाहिरातही युनियनच्या नियमानुसार छापखान्यात पुन्हा जुळवली जाई आणि न छापताच वितळवली जाई. रोजगार राखण्याचा हा मार्ग होता. परंतु काम आणि गरज यांची फारकत झाल्याचेही ते लक्षण होते. स्वयंचलित जुळणी हा एक कळीचा मुद्दा असलेला न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रांचा संप ८ डिसेंबर १९६२ ते ३१ मार्च १९६३, असा ११४ दिवस चालला. १९७४ मध्ये तेथील शाखेने तडजोड केली : मालकांना नवे तंत्रज्ञान आणण्याची मोकळीक आणि विद्यमान कामगारांना आजन्म नोकरीची हमी. जे कामावर होते ते सुरक्षित झाले; त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठी मात्र हा व्यवसायच उरला नाही. जुलै १९७८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ची शिशाच्या जुळणीवरील छपाई थांबली. १९८६ च्या अखेरीस युनियनचे स्वतंत्र अस्तित्व संपून ती दळणवळण क्षेत्रातील कामगारांच्या संघटनेत विलीन झाली.

सारांश

पहिल्या यंत्राने जुळाऱ्याचे साधन बदलले. दुसऱ्या तंत्राने त्याचे कौशल्यच अनावश्यक केले, कारण बातमीदाराने टंकलेला मजकूर थेट पानावर जाऊ लागला. कामगार संघटनेचे बळ केवळ सभासदसंख्येत नसते. ज्ञान कोणाच्या हाती आहे यावरही ते अवलंबून असते, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. लायनोटाइपसंबंधी युनियनचे धोरण का यशस्वी ठरले?
२. १९७४ च्या तडजोडीत कोणाचा लाभ झाला व कोणाची हानी झाली, ते सकारण लिहा.