दहाच एपिसोड, त्यात गाणी?

“दहा एपिसोडचा सीझन, त्यातला एक गाण्यांत घालवला! वेड लागलंय का यांना?” ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मित्र जाम वैतागला होता. विषय, ‘स्टार ट्रेक : स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’.

मुद्दा बिनतोड होता. १९६६ साली सुरू झालेल्या मूळ ‘स्टार ट्रेक’चा पहिला सीझन होता २९ भागांचा. १९६७ च्या डिसेंबरात ट्रिबल नावाचे केसाळ गोळे जहाजभर पसरले, लोक खो-खो हसले आणि पुढच्या आठवड्यात गाडी रुळावर! आता दहाच भाग मिळतात. दुसरा सीझन २०२३ चा, तिसरा थेट २०२५ चा. त्यात दुसऱ्या सीझनच्या सातव्या भागात कार्टून मालिकेतली पात्रं हाडामांसाची होऊन आली, नवव्यात अख्खं जहाज गायला लागलं! मीही मान डोलावली.

मग दिवाळीला आरमोरीला गेले.

आमची झाडीपट्टी. धान निघालं की मंडई, शंकरपट आणि नाटकं. कंपन्यांचं मुख्य ठाणं शेजारचं वडसा. सीझन दिवाळी ते होळी, म्हणजे तोही छोटाच. पण एकाच रात्रीत कौटुंबिक ट्रॅजेडी, लावणी, कॉमेडी सगळं हवं. इथल्या विनोदी नटाचा मान विचारता? परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, बॉस!

माझा स्वतःचा सीझनही दहाच दिवसांचा. वर्षाकाठी तेवढीच सुट्टी. म्हणून यादी घेऊनच जाते : बाबांचं बीपी, सातबारा, बँकेची कामं. एकही दिवस वाया नाही! चौथ्या रात्री बाबांनी ओढून नाटकाला नेलं. घराची वाटणी ऐन रंगात आली आणि विनोदी गडी घुसला. मी घड्याळ बघत पुटपुटले, “हे कशाला मध्येच?”

बाबा म्हणाले, “पयले हासू दे ना माय, मंग रडाले येते.”

तासाभराने म्हातारी आई घर सोडून निघाली. तिचं गाठोडं उचलायला पुढे आला तोच गडी. एक शब्द बोलला नाही. अख्खा मंडप मुसमुसत होता. बाबासुद्धा.

पुण्याला परतल्यावर तो गाण्यांचा एपिसोड पुन्हा लावला. ला’आन ही कडक सुरक्षा अधिकारी. गाता गाता गुपित फुटेल या धास्तीने ती कर्कला गाठून मनातलं सांगून टाकते. तो सांगतो, माझी मैत्रीण गरोदर आहे. इतर नऊ भागांत ही बाई असं बोलली असती? शक्यच नाही! मग तो भाग वाया कसा?

अर्थात सगळंच माफ नाही हं. २०२५ मध्ये चार माणसं व्हल्कन झाली त्या भागाला मी भरपूर हसले, पण दुसऱ्या दिवशी मनात काही उरलं नाही. गड्याने शेवटी गाठोडं उचललं पाहिजे.

परवा बाबांचा फोन आला. “या खेपेले कोणतं काम काढलंस?”

म्हटलं, “पहिल्या दिवशी काहीच नाही. नाटकाची दोन तिकिटं काढून ठेवा.”