शार्दूलचे 826 दिवस

जून 2023 मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर एक छोटीशी यादी तीन नावांची झाली. तिथे लागोपाठ तीन कसोटी डावांत पन्नाशी गाठणारे पाहुणे फलंदाज: डॉन ब्रॅडमन, अ‍ॅलन बॉर्डर आणि शार्दूल ठाकूर. पहिले दोघे आयसीसीच्या हॉल ऑफ फेममधले. तिसरा पालघरजवळच्या माहीमचा, म्हणजे सरावली-बोईसरच्या पोरांसाठी शेजारच्याच गावचा.

यादी खरी आहे, पण तिच्या पोटातले आकडे बघा. ब्रॅडमनचे ते तीन डाव 232, 244 आणि 77 धावांचे, बेरीज 553. शार्दूलचे 57, 60 आणि 51, बेरीज 168. ब्रॅडमनची यातली एकेक द्विशतकी खेळी शार्दूलच्या तिन्ही डावांना पुरून उरते. तेव्हा ही तुलना धावांची नव्हेच. मला खरी तुलना दिसते ती संधीची, आणि ती दिवसांत मोजावी लागते.

कपिल देवने ऑक्टोबर 1978 मध्ये पदार्पण केलं आणि 1000 धावा, 100 बळी हा टप्पा 25 कसोटींत गाठला. त्याला लागले 1 वर्ष 107 दिवस, म्हणजे 472 दिवस. शार्दूलचं पदार्पण 12 ऑक्टोबर 2018 ला हैदराबादला झालं. दहा चेंडू टाकले, जांघेचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. दुसरी कसोटी सुरू झाली 15 जानेवारी 2021 ला, ब्रिस्बेनला. मध्ये गेले 826 दिवस. कपिलच्या 25 कसोटी ज्या काळात झाल्या, त्याहून 354 दिवस जास्त शार्दूल फक्त दुसऱ्या कसोटीसाठी थांबला होता!

आणि थांबून आलेल्या माणसाने काय केलं? भारत 6 बाद 186. समोर पॅट कमिन्स. शार्दूलची पहिली धावच षटकाराची, हुक मारून. पन्नासही नेथन लायनला षटकार खेचून पूर्ण. 67 धावा, वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123 ची भागी, वर सामन्यात सात बळी. ऑस्ट्रेलिया 1988 पासून त्या मैदानावर कसोटी हरली नव्हती, ती हरली. त्याच वर्षी ओव्हलवर 31 चेंडूंत अर्धशतक. इंग्लंडमधल्या कसोटीत इतकं जलद अर्धशतक कोणी केलं नव्हतं. त्याआधीचा विक्रम इयन बोथमचा, 32 चेंडूंचा. पुढे जानेवारी 2022 मध्ये जोहान्सबर्गला 61 धावांत 7 बळी, दक्षिण आफ्रिकेतली कोणाही भारतीयाची सर्वोत्तम कामगिरी.

पण आमच्या भागातल्या पोराची मोजणी कसोटीच्या फार आधी सुरू होते. बोईसर ते चर्चगेट सुमारे 100 किलोमीटर. डहाणूपर्यंत लोकल आली ती 2013 मध्ये. त्याआधी शटल, नाहीतर मेमू पकडायची, विरारला उतरायचं, किट बॅग डोक्यावर धरून दुसऱ्या गाडीत शिरायचं. मैदानावर जाऊन-येऊन 200 किलोमीटर. वर्षाला 200 दिवस गेलं तर 40,000 किलोमीटर, जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणा. दक्षिण मुंबईतला मुलगा त्या वेळात नेटमध्ये किती चेंडू खेळत असेल, याचा हिशेब कोणत्याच स्कोअरकार्डावर येत नाही.

शार्दूलच्या बाबतीत हे अंतर एका माणसाने कमी केलं. बोरिवलीच्या शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला प्रतिस्पर्धी संघातून खेळताना पाहिलं, आपल्या शाळेत बोलावलं आणि प्रवासाचा प्रश्न निघाला तेव्हा थेट स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्याच शाळेकडून हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले. प्रथम श्रेणीत असं पहिल्यांदा केलं होतं गॅरी सोबर्सने, 1968 मध्ये. नंतर 1985 मध्ये वानखेडेवर रवी शास्त्रीने.