मुलांची पत्रे आणि मच्छीमाराचे जाळे

उत्तर मारियाना ही पॅसिफिकमधली चिमुकली बेटे. तिथे जानेवारी २०११ मध्ये शार्कचे पर विकणे आणि बाळगणे बेकायदा ठरले. त्यामागे सायपान बेटावरच्या शाळकरी मुलांचा मोठा रेटा होता. रॉब स्टुअर्ट यांचा ‘शार्कवॉटर’ हा माहितीपट पाहून ती हळहळली, पण तेवढ्यावर थांबली नाहीत. लोकप्रतिनिधींना पत्रे लिहून त्यांनी विधेयकाची बाजू लावून धरली. मताचा अधिकारही नसलेल्या पोरांना हे जमले, कारण त्यांची मागणी नेमकी होती. ‘समुद्र वाचवा’ या घोषणेला कोणीच विरोध करत नाही, म्हणूनच तिच्यातून फारसे काही निघतही नाही.

मुळात नरभक्षक शार्क वाचवायचा कशाला, असे विचारणारे भेटतात. जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला सरासरी दहा माणसेही मरत नाहीत. उलट खुल्या समुद्रातले शार्क आणि पाकट १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. बांगडा-तारलीसारखी हजारोंनी अंडी हे मासे घालत नाहीत. अनेक जाती उशिरा वयात येतात आणि मोजकीच पिल्ले देतात, त्यामुळे एकदा पडलेला खड्डा लवकर भरून येत नाही.

मुलांना पुढे करून मोठी माणसे आपला कार्यक्रम रेटतात, हा आक्षेप पुष्कळदा खराही असतो. त्याहून वजनदार प्रश्न पोटाचा आहे: शार्क सोडवताना फाटलेल्या जाळ्याचे पैसे मच्छीमाराला कोण देणार? गुजरातच्या किनाऱ्यावर त्याचे उत्तर मिळाले. व्हेल शार्कला २००१ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. २००४ पासून रामकथाकार मोरारी बापूंच्या साथीने गावोगाव प्रचार झाला. पण जाळे कापून मासा सोडणाऱ्याला भरपाई मिळू लागली, तेव्हा त्या प्रचाराला बळ आले. शेकडो व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतःच्या हातांनी सोडले. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित जीव सोडल्यास जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची सोय आहे. किनाऱ्यावरच्या कॉलेजांतल्या पोरांनी जनजागृतीची चित्रे जरूर रंगवावीत, पण भरपाईचा अर्ज भरायला मच्छीमाराला मदत केली तर जास्त उपयोग होईल.

आपल्याकडे प्रश्न ताटातलाही आहे. मोरीच्या, म्हणजे मुशीच्या किंवा लहान शार्कच्या, रश्श्यावर सरसकट बंदी मागणे मला पटत नाही. टोकदार नाकाची लहान मुशी पूर्ण वाढली तरी दोन फुटांच्या आसपास असते आणि वयातही लवकर येते. कोळणीच्या त्याच टोपलीतली तेवढीच लांब हातोडी मुशी मात्र अगदी कोवळे पिल्लू असते. तिला वयात यायला अजून बरीच वर्षे असतात. हा फरक ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही, डोके पाहिले की कळतो. तेव्हा पुढच्या खेपेला मोरी घेताना डोके बघा. हातोडीसारखे पसरट असेल तर घेऊ नका, आणि का घेत नाही तेही कोळीण मावशींना सांगा.