लोकलमध्ये नवे बड्स

जुन्या इअरबड्सचा आवाज शेवटपर्यंत सुरेख होता. दगा दिला तो बॅटरीने. नवे असताना ते डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत आणि संध्याकाळी परत येईपर्यंत सहज चालायचे. पुढेपुढे डावा बड घाटकोपर यायच्या आत मान टाकू लागला. दाण्याएवढा लिथियम-आयन सेल, रोज चार्ज होणारा आणि तासन्‌तास कानाच्या उबेत राहणारा. त्याची ताकद ओसरणारच.

नवी जोडी दुकानात कानाला लावून बघितली, पण तिथे एसीच्या शांततेत सगळेच बड्स चांगले वाटतात. म्हणून गाडीत बसल्यावर मी गाणं लावलंच नाही. फक्त नॉइज कॅन्सलेशन सुरू केलं आणि काय जातं, काय उरतं ते ऐकत राहिलो. डोक्यावरच्या पंख्याची घरघर लगेच गेली. मोटरची गुणगुण आणि चाकांचा खालच्या पट्टीतला दडदडाट विरला. कळव्याच्या खाडीपुलावर गाडी चढली की डब्यात जो घुमणारा आवाज भरतो, तो जुन्या जोडीत नुसता दबायचा. नव्या जोडीत तो शोधावा लागला. पण ‘पुढील स्टेशन ठाणे’ ही घोषणा ऐकू आलीच, फेरीवाल्याची हाळीही आली. सगळ्यात गंमत वाटली भजनी मंडळाची. ढोलकीचा घुमारा बोथट झाला आणि टाळ मात्र तसेच खणखणत राहिले.

याचं कारण ध्वनिलहरींच्या लांबीत आहे. बडवरचा माइक बाहेरचा आवाज टिपतो, आतली चिप त्याची उलटी लहर तयार करते आणि ती मूळ लहरीला भेटली की दोन्ही एकमेकींना खोडतात. ही कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकन पेटंट 1936 साली मिळालं. अमर बोस यांना 1978 मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानाच्या घरघरीत संगीत धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच हेडफोनसाठी तिची गणितं मांडायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला तो 1989 साली. 100 हर्ट्झच्या घरघरीची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. उलटी लहर किंचित उशिरा पोहोचली तरी तिथे निभावतं. 3000 हर्ट्झला तीच लांबी जेमतेम 11 सेंटिमीटर होते आणि तेवढाच उशीर गणित बिघडवतो. टाळ तिथेच निसटतात.

वरच्या पट्टीतले आवाज अडवायचे ते कानात बसणाऱ्या रबरी टिपने. जाहिरातीत चिपचं कौतुक फार असतं, पण माझ्या मते निम्मं काम या टिपचं आहे. बड्सच्या खोक्यात तीन-चार मापं येतात आणि बहुतेक लोक आधीपासून लावलेलं मापच वापरत राहतात. माझ्या उजव्या कानाला मध्यम बसलं, डाव्याला मोठं लागलं. ते बदलताच गाण्यातला खर्ज भरून आला, कारण फट राहिली की खर्ज तिथूनच गळतो. घट्ट बसल्यावर स्वतःचं चावणं आणि पावलांचे ठोके डोक्यात घुमतात, ते मात्र सोसावं लागतं.

मला नव्या जोडीचं मोल वाटतं ते आवाजाच्या पातळीसाठी. गाडीच्या गोंगाटावर मात करायला आपण नकळत आवाज चढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास ऐकणं सुरक्षित, 90 डेसिबल मात्र फक्त 4 तास. नव्या जोडीत मी पूर्वीपेक्षा बऱ्याच खालच्या आवाजात कुमार गंधर्वांचं गाणं ऐकतो आणि आलापातले बारकावे तरीही सुटत नाहीत. डब्यातल्या कॉलेजच्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं, कारण कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. फलाटावर उतरलो की मी बाहेरचं ऐकू देणारा मोड लावतो आणि रूळ किंवा रस्ता ओलांडायच्या जागी बड्स डबीतच ठेवतो.

जुन्या जोडीची बॅटरी बदलून मिळेल का, हे मी दुकानात आधी विचारलं होतं. उत्तर आलं, नवीनच घ्या. सेल आत डिंकाने चिकटवलेला, उघडायला गेलं की कवच फुटतं. उत्तम स्पीकर, माइक, चुंबक, सगळं शाबूत असताना एका सेलपायी ती जोडी ई-कचऱ्याच्या पेटीत टाकावी लागली, याचा मला राग आहे. हे टाळता येत नाही असं मुळीच नाही. फेअरफोन या डच कंपनीने 2024 मध्ये बाजारात आणलेल्या बड्समधली बॅटरी घरीच बदलता येते. उपकरणांतल्या अशा लहान बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता आल्या पाहिजेत, असा युरोपीय संघाचा नियम फेब्रुवारी 2027 पासून लागू होतो आहे. तसा नियम आपल्याकडेही व्हायला हवा, आणि तोवर प्रत्येक गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी काउंटरवर बॅटरीचा प्रश्न विचारायला हवा.