चिरनेरची सलामी

पोलिसांची गाडी माझ्याआधी पोचलेली आहे, हे बरं झालं. सलामीची तुकडी खरी फैर झाडण्याआधी एकदा कोरडी तालीम करते, आणि फोटोवाल्याचं निम्मं काम त्या तालमीतच उरकतं. बंदुकांची तोंडं कुठे असणार, ऊन कुठून येणार, मंडपाचा कोणता बांबू नेमका आडवा येणार, सगळं तेव्हाच कळतं. एकदा पाहुणे आले की कुणी कुणाला हलू देत नाही.

आज 25 सप्टेंबर. उरण तालुक्यातलं चिरनेर. खोपट्याचा पूल ओलांडून इकडे यायचं तर ट्रेलरच्या रांगेतून वाट काढावी लागते. कंटेनरची गोदामं, मग भाताचं एखादं खाचर, की पुन्हा गोदाम. पाऊस रात्री पडून गेलाय. मंडपाच्या ताडपत्रीतून अजून थेंब गळतायत, खालचं लाल कार्पेट चिंब आहे आणि माइकवाला कंटाळून स्वतःचंच नाव पुन्हा पुन्हा घेऊन आवाज तपासतोय.

हवालदार तुकडीला ओळीत लावतायत. पन्नाशीचे असतील, आवाज खणखणीत. मी जवळ जाऊन विचारतो, "साहेब, तोंडं कुठल्या अंगाला?"

"डोंगराकडे, वर. तुम्ही उजव्या हाताला थांबू नका. पुंगळ्या तिकडंच उडतात, डोळ्याला लागंल."

"मग डाव्या हाताला?"

"डाव्या हाताला पाहुणे."

रिकाम्या बंदुका वर जातात. हुकूम होतो आणि खटके वाजतात, पण एकदम नाही, एकामागून एक. हवालदारांना ते पसंत पडत नाही. "एकच आवाज आला पाहिजे! लोकांनी मोजत बसायचं का?" पुन्हा तालीम. एक तरुण शिपाई दर वेळी अर्ध्या क्षणाने मागे राहतो, आणि दर वेळी त्याचा कान लाल होतो. मी त्याच्यावर लेन्स धरून ठेवतो. उशिरा येणारा हात फोटोत नेहमी जास्त जिवंत दिसतो.

मला या सलामीचा एकच फोटो हवा आहे. बंदुकांची ओळ आणि हुतात्म्यांच्या घरची माणसं, एकाच चौकटीत. मागणी साधी आहे, पण मांडणी तिच्या विरुद्ध असते. तुकडी एका बाजूला, तिच्यासमोर सोफे, सोफ्यांवर पाहुणे, त्यांच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि त्यातल्या कुठल्या तरी रांगेत ही माणसं. बंदुका चौकटीत घेतल्या की मागे पांढरे सदरे येतात. पेपरला तेच चालतं. मला चालत नाही. ज्यांच्या घरचा माणूस गेला ते, आणि ज्या खात्याच्या बंदुकीने गेला ते, आज समोरासमोर येतात. आणि बरोबर त्यांच्या मधे सोफा टाकून ठेवलेला असतो.

शाळेचे एक गुरुजी माइकवर येतात आणि 1930 साल सांगायला लागतात. मुलांना बहुधा पाठ आहे, तरी ती ऐकतात. मिठाच्या सत्याग्रहाचं ते वर्ष. मीठ उरणच्या दारातच पिकायचं, पण चिरनेरच्या माणसांची रोजची गाठ जंगलाशी: सरपण तिथलं, गुरांचा चारा तिथला, भाताचा राब भाजायला टहाळ तिथला. जंगलाचा कायदा मोडायचा ठरला आणि 25 सप्टेंबरला, गुरुवारी, आजूबाजूच्या गावांतली माणसं कोयते घेऊन अक्कादेवीच्या माळावर जमली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बंदोबस्तावर आलेले मामलेदार जोशीही त्यात मारले गेले. सरकारी माणूस सरकारी गोळीने गेला, ही गोष्ट गुरुजी घाईत उरकत नाहीत. थांबतात, समोर बघतात आणि मग पुढे जातात. सलामीची तुकडी विश्राममध्ये उभी आहे. तो मघाचा तरुण शिपाई मान न वळवता ऐकतोय.

मग नावं. धाकू गवत्या फोफेरकर, चिरनेर. नवश्या महादेव कातकरी, चिरनेर. रामा बामा कोळी, मोठी जुई. आनंदा माया पाटील, धाकटी जुई. रघुनाथ मोरेश्वर न्हावी, कोप्रोली. परशुराम रामा पाटील, पाणदिवे. हसुराम बुधाजी पाटील, खोपटे. आलू बेमट्या म्हात्रे, दिघोडे. आठ माणसं. मी येताना गाडीवरून ज्या फाट्यांच्या पाट्या वाचत आलो, त्यांतलीच ही गावं. नावागणिक खुर्च्यांमधून कुणी ना कुणी उठतं, पुढे येतं, शाल आणि नारळ घेतं. कुणी जीन्समधला पोरगा, कुणी नऊवारी नेसलेली म्हातारी. फोटो काढायला ही वेळ उत्तम, कारण या माणसांना कॅमेऱ्याकडे बघायचं नसतं; शाल खांद्यावरून घसरू नये एवढीच काळजी असते.

खटल्याचं गुरुजी एका वाक्यात आटपतात: ठाण्याच्या सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. मला वाटतं यावर त्यांनी आणखी बोलावं, पण निवेदक घड्याळ दाखवतो. पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम आहे.

फोन वाजतो. पेपरचा उपसंपादक. "पुष्पचक्राचा पाठव. आणि नावं डावीकडून, क्रमाने." 

"सलामीचा?"

"जागा राहिली तर."

रायगडच्या किनाऱ्यावर मानवंदनेच्या जागा कमी नाहीत. अलिबागला सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. 4 जुलै ही त्यांची पुण्यतिथी, म्हणजे ऐन पावसाचे दिवस, लेन्स पुसता पुसता रुमाल संपतात. जिल्ह्यातल्या एखाद्या जवानाचं पार्थिव गावी येतं, तेव्हाचे फोटो आणखी वेगळे. तिथे सगळं ठरलेलं असतं. शवपेटीवरच्या तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे, शोक शस्त्रचा हुकूम होताच बंदुकांची तोंडं खाली, माना खाली, बिगुलावर लास्ट पोस्ट, फैरी. आणि चितेला अग्नी देण्याआधी तिरंगा काढून, घडी घालून घरच्यांच्या हाती. ध्वज जळता कामा नये, हा नियम. कुठे उभं राहायचं ते फोटोवाल्याला अधिकारीच सांगतात, दोर बांधलेला असतो, आणि दोर ओलांडायची इच्छाही होत नाही. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत तर दगडांच्या रांगा इतक्या सरळ, की कॅमेरा कुठेही धरला तरी चौकट आपोआप जमते.

इथे पेटी नाही, घडी घालायला ध्वज नाही. चिता विझूनही जमाना झाला. स्तंभ आहे, नावं आहेत आणि थोड्या वेळाने एक आवाज होणार आहे. आवाजाचा फोटो निघत नाही, हीच माझी अडचण आहे. निघतो तो आवाज ऐकणाऱ्या चेहऱ्यांचा. त्यासाठी माझी पाठ बंदुकांकडे हवी, आणि बंदुका हव्यात तर चेहरे सुटतात.

मी सोफ्याच्या कडेला, मंडपाच्या खांबाला चिकटून उकिडवा बसतो. इथून तुकडी तिरपी दिसते आणि तिच्या पलीकडे खुर्च्यांचं एक टोक. पाहुणे पुष्पचक्र वाहायला उठले की सोफा रिकामा होईल, तेवढीच संधी.

मागून आवाज येतो. "ए बाला, सरक जरा. आमाला पन बघाचा हाय."

शाल मिळालेली एक आजी. मी सरकतो. तिच्या शेजारचे आजोबा मला जागा करून देतात आणि माझ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारतात, "आवाज झाला की दाबतोस, का आधी?"

"आधीपासून दाबूनच धरतो, काका."

"चौऱ्याऐंशीला कुनी फोटूवाला नव्हता आमच्या बाजूला," ते म्हणतात. "पागोट्याला."

एवढंच बोलतात. मला पुढचं माहीत आहे, या तालुक्यात सगळ्यांनाच माहीत असतं. 1984 चा जानेवारी, सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर आलेले शेतकरी, जासई-पागोट्याकडचा गोळीबार आणि त्यात गेलेले पाच जण. पोलिसांच्या बंदुकीचा आवाज इथल्या माणसांना पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. म्हणून बाहेरून आलेले पत्रकार जेव्हा बातमीत 'फैरींनी आसमंत दुमदुमला' असं लिहितात तेव्हा मला वाटतं, एकदा या काकांच्या शेजारी बसून तो आवाज ऐकावा.

पुष्पचक्र. पाहुणे वाकतात, अंगरक्षक वाकत नाही. मी तो फोटो काढून ठेवतो, डावीकडून नावं मनात म्हणून ठेवतो. सोफा रिकामा झालाय. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर, बोट बटणावर.

हुकूम. बंदुका वर.

पहिली फैर. एकच आवाज, हवालदारांना हवा होता तसा. माझ्या चौकटीतल्या सगळ्यांचे डोळे मिटलेले, शिपायांचेही. लहान पोरं कानांवर हात ठेवून हसतायत. कुठलं तरी तान्हं रडायला लागतं. डोंगरावरून आवाज परत येतो, थोडा जाड होऊन. शिपाई बोल्ट मागे ओढतात, पुंगळ्या उजवीकडच्या ओल्या गवतात उडतात.

दुसरी फैर. आता सगळे तयार, म्हणून चेहरे कोरे. दुसऱ्या फैरीचे फोटो नेहमी वाया जातात. फक्त काका दचकतात, पहिल्यापेक्षा जास्त, आणि हाताने आजीचा दंड धरतात. कॅमेरा मात्र मी बंदुकांवर रोखून धरलेला.

तिसरीला मी चौकट बदलतो. बंदुकांच्या नळ्या वरच्या कोपऱ्यात, खाली आजी, काका, खुर्च्या. धूर येईल, नळीतून आग दिसणार नाही, दिवसा ती दिसत नाहीच. हुकूम होतो, बोट खाली जातं आणि त्याच क्षणी एक कार्यकर्ता मोबाइल उंच धरून सोफ्यावर चढतो. फैर होते. माझ्याकडे त्याच्या कोपराचे नऊ सुस्पष्ट फोटो जमतात.

रागवायला वेळ नाही, कारण राष्ट्रगीत. मग आभार. मग नेहमीची पांगापांग. पाहुण्यांच्या गाड्या, चहाच्या किटल्या, वडापावच्या पुड्या. मंडपवाला खुर्च्या रचायला घेतो.

पण पोलीस हलत नाहीत. हवालदार गवतातून गोळा केलेल्या पुंगळ्या रुमालावर मांडून मोजतायत. एकदा मोजतात. पुन्हा मोजतात. जितकी काडतुसं फुटली तितक्या पुंगळ्या ठाण्यात जमा करायच्या, त्याशिवाय हिशोब मिटत नाही. एक कमी आहे.

"शोधा," ते म्हणतात.

सगळी तुकडी गवतात वाकते. बंदुका एका जवानाच्या ताब्यात, बाकीचे हातांनी गवत बाजूला सारतायत, चिखलात बोटं घालतायत. पोरं हा खेळ समजून आत घुसतात. मग ती आजी, शाल कमरेला खोचून, लावणीला वाकावी तशी वाकते. काका उभ्या उभ्या सूचना करतात: "तिकडं नाय, अजून पलीकडं. उडताना मी बघलंय." त्या लाल कानाच्या शिपायाचं आणि आजीचं डोकं गवताच्या एकाच झुबक्यात घुसलेलं. ती त्याला विचारते, "कुठला रं तू?" तो सांगतो. "जेवलास का?" तो नाही म्हणतो. "मग एवढा वेळ उपाशी?" ती हवालदारांकडे बघून बोलते. हवालदार ऐकू न आल्यासारखं करतात.

मी फोटो काढतोय. कुणी पोझ देत नाही, कुणी सोफ्यावर चढत नाही. खाकी आणि नऊवारी, दोघांच्याही पाठी कॅमेऱ्याकडे, वर स्तंभाचा पाया आणि त्यावरचं ताजं पुष्पचक्र. प्रकाश सपाट आहे, चौकट वाकडी आहे, मला हवी होती ती माणसं मात्र तिच्यात आहेत.

पुंगळी सापडते ती गवतात नाही. एक बारका पोरगा बराच वेळ मूठ वळून उभा असतो, हवालदार त्याच्यासमोर हात पसरतात.

"दे बाळा."

"एक तरी ठेवू द्या ना."

"तुला पुंगळी पाहिजे, मला नोकरी पाहिजे. दे."

सगळे हसतात, पोरगा देतो. ती त्याच्या मुठीत गरम झालीय, हवालदार ती एकदा चिमटीत धरून बघतात आणि रुमालात टाकतात. वहीत आकडा लिहिला जातो. आजी वडापावची एक पुडी त्या शिपायाच्या हातात कोंबते. तो आधी हवालदारांकडे बघतो, मग घेतो.

गाडीत चढता चढता तो माझ्याजवळ येतो. "दादा, बंदूक धरलेला आला का माझा?"

"आलाय. नंबर दे, पाठवतो."

"आणि तो गवतातला?"

"तोही आलाय."

"तो पेपरात नका देऊ. लोक म्हणतील, सलामीच्या दिवशी पोलीस काय शोधत होते."

गाडी सुरू होते. उपसंपादकाचा दुसऱ्यांदा फोन येतोय. मी तिन्ही फोटो निवडून ठेवतो, पुष्पचक्राचा, बंदुकांचा आणि गवतातला, आणि तिसऱ्याखाली पहिल्यांदा ओळ टाइप करायला घेतो: डावीकडून, हुतात्म्यांच्या घरची आजी, सलामीच्या तुकडीतला शिपाई.