शेततळ्याचा कागद : धुवावा कसा, सांधावा कसा

शेततळ्याचा कागद फाटला की शेतकरी पुष्कळदा ताडपत्रीच्या दुकानाची पायरी चढतो. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. त्यातील ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्यात, उतार एकास एक धरला तर, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. अमळनेरच्या उन्हाळ्यात एवढ्या पाण्यावर फळबाग जगते. भोक पडले तर तेच पाणी जमिनीत मुरते. म्हणून हा माल विकणाऱ्या आणि सांधणाऱ्या बांधवांनी त्याची निगाही गिऱ्हाईकाला सांगितली पाहिजे.

माल ओळखा

शेततळ्याला बहुधा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा पॉलिथिन कागद वापरतात. त्यातील विणलेला प्रकार आम्हा कापडवाल्यांना लगेच समजेल : पॉलिथिनच्या पट्ट्यांचा ताणाबाणा आणि त्यावर लॅमिनेशन. त्याचे भारतीय मानक आय. एस. १५३५१ आहे. पोहण्याच्या तलावाला मात्र व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीचे अस्तर असते. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळतात. ऊन व जादा क्लोरीन यांमुळे ते कमी झाले की अस्तर कडक होऊन तडकते.

धुण्याची रीत

१) गाळ काढताना फावडे, घमेले, तारेचा ब्रश वापरू नये. मऊ झाडू किंवा रबरी पट्टी घ्यावी आणि अनवाणी उतरावे. ओला कागद फार निसरडा असतो. काठाला दोर बांधल्याशिवाय कोणी उतरू नये.

२) शेवाळ ओले असतानाच निघते. पाण्याच्या रेषेवरचे डाग सौम्य साबणाने धुवावेत. रॉकेल, थिनर, ॲसिड लावू नये.

३) पोहण्याच्या तलावात क्लोरीनची पूड थेट टाकू नये. ती तळाशी बसली की व्हिनाइलवर पांढरे चट्टे पडतात. बादलीत विरघळवून टाकावी. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ ठेवावा.

४) तळे अगदी कोरडे करू नये. थोडे पाणी राहिले तर कागद वाऱ्याने उचलला जात नाही आणि तळाला ऊन लागत नाही. व्हिनाइल तर रिकाम्या तलावात आकसते.

५) काठावरचा कागद मातीच्या चरात नीट दाबावा व तळ्याला कुंपण घालावे. जनावरांच्या खुरांनी आणि कुत्र्यांच्या नखांनी कागद फाटतो.

सांधण्याची रीत

व्हिनाइलला पीव्हीसीचे सोल्यूशन धरते. पॉलिथिनला तसले किंवा पंक्चरचे सोल्यूशन पक्के धरत नाही; ठिगळ काही दिवसांत सुटते. त्याला गरम हवेच्या मशीननेच सांधावे. जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी, ठिगळ त्याच जातीच्या कागदाचे घ्यावे, कोपरे गोल कापावेत आणि फाटल्या जागेच्या चोहोबाजूंनी चार बोटे जास्त ठेवावे.

पावतीवर कागदाचा प्रकार, मायक्रॉन आणि तारीख लिहून द्यावी. पुढे सांधणाऱ्या कारागिराला त्याचाच आधार होतो. मालाचा गुण सांगावा तसा ऐबही सांगावा, हा आपल्या दीनचा व्यापाराविषयीचा हुकूम आहे. पातळ कागद जाड म्हणून विकला तर नफा एकदाच मिळतो. शेतकऱ्याची बाग मात्र ऐन मे महिन्यात वाळते. खरे बोलून केलेल्या धंद्यातच बरकत असते.