वर्दी एका राज्याची, घर दुसऱ्या राज्यात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाच वर्षांपूर्वी एकदा रात्री साडेअकरा वाजता बहिणीचा अमेरिकेतून फोन आला. तिकडे दुपार होती. अवेळी फोन म्हटला की आपल्या पोटात गोळा येतोच. पण तिने विचारलं, "दादा, दुसऱ्या राज्याच्या सैन्यात भरती व्हायला तिथलं रेशनकार्ड लागतं का रे?"

तिला अमेरिकेत जाऊन तीस वर्षं झाली, तरी रहिवासाचा पुरावा म्हटलं की तिला रेशनकार्डच आठवतं. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, एका छोट्या विमान कंपनीत वैमानिक. राहायला शिकागोत. त्याच्या डोक्यात होतं की नोकरी सांभाळून अर्धवेळ सैन्याचं विमान उडवायचं, आणि ज्या तुकडीत जागा निघाली होती ती होती शिकागोपासून नऊशे किलोमीटरवर, दुसऱ्याच राज्यात. आता हा प्रश्न मला का? तर मी मुंबईत एका विमान कंपनीच्या रोस्टर विभागात तीस वर्षं काढली. कुठला वैमानिक कुठल्या दिवशी कुठे, याचे तक्ते करण्यात माझा जन्म गेला. विमानाचं काहीही असलं की घरात प्रश्न माझ्याकडे येतो.

अर्धवेळ सैनिक म्हटला की आपल्याला टेरिटोरियल आर्मी आठवते. हवाई दलाच्या राखीव आणि सहायक दलांसाठी आपल्याकडेही १९५२ साली कायदा झाला. पण सोमवार ते शुक्रवार प्रवासी विमान आणि शनिवार-रविवार लढाऊ विमान चालवणारा माणूस आपल्या ओळखीपाळखीत नसतो. अमेरिकेत असतो. तिथे राखीव वैमानिकांची दोन घरं आहेत. एक एअर फोर्स रिझर्व्ह, ते पूर्णपणे केंद्र सरकारचं. दुसरं एअर नॅशनल गार्ड, ते राज्यांचं. गार्डमध्ये शपथ घेताना देशाच्या राज्यघटनेबरोबर त्या राज्याच्याही राज्यघटनेची शपथ घ्यावी लागते. पूर आला, जंगलाला वणवा लागला की राज्याचा गव्हर्नर त्यांना बोलावू शकतो, आणि गरज पडली तर तीच तुकडी राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाखाली परदेशी रवाना होते.

हे ऐकलं की कुणालाही वाटेल, राज्याची शपथ घ्यायची तर माणूस त्या राज्याचा रहिवासी हवाच. बहिणीलाही तेच वाटलं. पण तशी अट नाही. घर इलिनॉयमध्ये, वर्दी भलत्याच राज्याची, असं खुशाल चालतं. शिकागोचंच पाहा ना. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनची लढाऊ विमानांची तुकडी मोटारीने अडीच तासांवर, आणि खुद्द इलिनॉयमधलं पिओरिया, जिथे मालवाहू सी-१३० विमानं आहेत, तेही साधारण तितकंच लांब. राज्याची हद्द नकाशावर. वैमानिक बघतो तो रस्ता किती तासांचा ते.

अट आहे ती नागरिकत्वाची, आणि इथे आपल्या लोकांचा फार गोंधळ होतो. ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला साध्या सैनिकाच्या पदावर भरती होता येतं. पण वैमानिक हा अधिकारी असतो, आणि अधिकारी व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व हवं. तिकडच्या कितीतरी मराठी घरांत थोरला पुण्यात जन्मलेला, धाकटा न्यू जर्सीत. तिथे धाकट्याला दार उघडं आणि थोरल्याला नागरिकत्व मिळेपर्यंत बंद. आमचा भाचा तिकडेच जन्मला, म्हणून तो प्रश्न सुटला. मी बहिणीला सांगितलं, "रेशनकार्ड लागत नाही." ती खूश झाली. मी घाईने उत्तर दिलं हे मला पुढे कळलं.

कारण कागदावर नसलेली अट कामातच दडलेली असते. भरतीच्या जाहिरातीत म्हणतात, महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून पंधरा दिवस. हिशेब केला तर वर्षाचे एकोणचाळीस दिवस होतात. चार तासांचा एक सराव धरतात, दिवसाचे दोन, म्हणजे शनिवार-रविवारचे चार, वर्षाचे अठ्ठेचाळीस. एका सरावाला महिन्याच्या मूळ पगाराचा तिसावा भाग मिळतो. दोन दिवसांत चार दिवसांचा पगार, चांगलं आहे. पण हे गणित कारकुनाला, फार तर मेकॅनिकला लागू पडतं. वैमानिकाचा हात महिन्यातून दोन दिवसांवर टिकत नाही. ठरावीक मुदतीत इतकी उड्डाणं, इतक्या वेळा रात्रीचं उतरणं, हवेतल्या हवेत इंधन भरणं, हे झालंच पाहिजे. नाही तर विमान हाती मिळत नाही. त्यासाठी वैमानिकांना जास्तीचे उड्डाण-सराव मंजूर असतात, आणि प्रत्यक्षात महिन्याचे पाच-सहा दिवस, कधी त्याहून जास्त, तुकडीत द्यावे लागतात.

आता यात नऊशे किलोमीटर मिसळा. अमेरिकी हवाई दलाचा नियम असा, की उड्डाणाच्या ड्यूटीआधी साधारण बारा तासांची विश्रांती हवी, त्यात सलग आठ तास झोपेची सोय हवी. म्हणजे शनिवारी सकाळी उडायचं तर शुक्रवारी संध्याकाळीच मुक्कामाला पोचायला हवं. तुकडीच्या गावात राहणारा माणूस शुक्रवारी घरी जेवतो आणि स्वतःच्या अंथरुणात झोपतो. लांबून येणाऱ्याचा शुक्रवार गेला, आणि रविवारी संध्याकाळी परतीचं विमान चुकलं की सोमवारही गेला. हे दोन दिवस कुणाच्याच तक्त्यात दिसत नाहीत. रोस्टर विभागात असताना मीही असे दिवस बघत नसे. वैमानिक वसईहून आला की विलेपार्ल्याहून, आम्हाला त्याची सही वेळेवर हवी असे. जाण्या-येण्याचा खर्चही सहसा ज्याचा त्यानेच करायचा. ज्या कामांत माणसांची टंचाई आहे, तिथे दीडशे मैलांपलीकडून येणाऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंत भाडं मिळतं, पण सर्वांना नाही.

विमान कंपनीतल्या वैमानिकांना एक सोय असते. दुसऱ्याच्या कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर ते फुकट प्रवास करू शकतात. त्या खुर्चीच्या भरवशावर अमेरिकेतल्या किती तुकड्या चालतात, देव जाणे. काहींनी याहून शहाणपणा केला. मेम्फिस हे फेडेक्स कंपनीचं मुख्य ठाणं, आणि त्याच विमानतळावर टेनेसी गार्डची सी-१७ विमानांची तुकडी आहे. एकाच धावपट्टीवर दोन्ही नोकऱ्या! जुनी रीत खरं तर हीच. लिंडबर्ग १९२५ साली सेंट लुईसच्या गार्ड तुकडीत शिरला, आणि पुढच्या वर्षी त्याच गावातून टपालाचं विमान उडवू लागला. ब्रिटनमध्ये तर सहायक तुकड्यांना शहरांचीच नावं होती. ग्लासगो आणि एडिंबरा शहरांच्या तुकड्यांनी १६ ऑक्टोबर १९३९ रोजी, आपल्याच घरांजवळच्या फर्थ ऑफ फोर्थच्या खाडीवर, त्या महायुद्धात ब्रिटनवर आलेली पहिली जर्मन विमानं पाडली.

मग घर बदलून तुकडीजवळ जा, किंवा तुकडी बदलून घराजवळ या, असं आपण सहज म्हणू. पण गार्डमधली बदली आपल्या बँकेतल्या बदलीसारखी नसते. नव्या राज्यात जागा रिकामी हवी, तिथल्या मंडळींनी पुन्हा मुलाखत घेऊन पसंत करायला हवं, जुन्या तुकडीने सोडायला हवं. आणि सर्वांत मोठी गोम म्हणजे विमान. शेजारच्या राज्यात दुसऱ्याच जातीचं विमान असेल तर पुन्हा महिनोन् महिने शिक्षण. जॉर्ज बुश यांचं प्रकरण आठवत असेल. ते टेक्सास गार्डमध्ये एफ-१०२ उडवत. १९७२ मध्ये एका निवडणूक प्रचारासाठी ते अलाबामाला गेले आणि तिकडच्या तुकडीत सराव करण्याची परवानगी त्यांनी मागितली. ती मिळालीही. पण माँटगोमेरीच्या त्या तुकडीत टेहळणीची आरएफ-४ विमानं होती. एप्रिल १९७२ नंतर बुश यांनी गार्डचं विमान उडवलं नाही, आणि अलाबामात त्यांची हजेरी लागली होती की नाही, यावर २००४ च्या निवडणुकीत रणकंदन झालं. राजकारण बाजूला ठेवा. राज्य बदललं की वैमानिकाच्या हातातलं विमान कसं सुटतं, हे त्यात नेमकं दिसतं.

कधी कधी तुकडीच आपल्या राज्यात नसते, हेही सांगायला हवं. ११ सप्टेंबर २००१ ला व्हर्जिनियातल्या लँगलीहून वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी जी तीन एफ-१६ विमानं झेपावली, ती नॉर्थ डाकोटाच्या गार्डची होती. त्यांचं घर फार्गोत, सुमारे दोन हजार किलोमीटर दूर.

भाच्याच्या मुलाखतीत त्याला विमानाविषयी फारसं विचारलंच नाही म्हणे. "पाच वर्षांनी तू कुठे राहत असशील?" हाच प्रश्न फिरून फिरून. त्यांचंही चूक नाही. प्रशिक्षणावर अफाट खर्च होतो, बदल्यात दहा वर्षांची बांधिलकी घेतात, आणि लांबचा माणूस कंटाळून घराजवळ बदली मागतो, हा त्यांचा अनुभव. त्याने खरं सांगितलं. बायको डॉक्टर, तिची शिकागोच्या रुग्णालयातली रेसिडेन्सी संपेपर्यंत ती हलू शकत नाही. (रेसिडेन्सीची अट होतीच म्हणायची, फक्त बायकोच्या बाजूने!) तरीही त्याला घेतलं. दोनेक वर्षं प्रशिक्षणात गेली, मग तुकडीत काही महिने पूर्णवेळ. तेवढ्या काळात घरात मुलगी जन्माला आली.

नोकरीची काळजी कायद्याने मिटवली आहे. १९९४ च्या कायद्याप्रमाणे सैन्याच्या कामासाठी मालकाला रजा द्यावीच लागते आणि परतल्यावर जागाही. एका मालकाकडे पाच वर्षांची एकूण मर्यादा आहे, पण मासिक सराव तीत धरत नाहीत. घरासाठी मात्र असा कायदा नाही.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, तू तीस वर्षं रोस्टर केलंस. एवढं बसवून दे ना." त्याने तीन तक्ते पाठवले: विमान कंपनीचा, तुकडीचा आणि बायकोच्या रात्रपाळ्यांचा. मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून पेन्सिलीने चौकोन आखले. बायकोची रात्रपाळी आणि त्याचा शुक्रवारचा प्रवास एकाच दिवशी येऊ द्यायचा नाही, एवढीच अट मी धरली होती. दोन संध्याकाळी खपल्यावर सगळं बसलं, फक्त तिसरा शुक्रवार बसेना. त्या चौकोनात मी "आजी" असं लिहिलं आणि बहिणीला फोन लावला.